खालची पट्टी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

शेवटची नोंद चौदा मार्चची आहे. आठ महिने या वहीला तोंड दाखवलं नाही, त्याबद्दल तिची माफी. कारण एवढंच की बरं चाललं होतं, आणि बरं चाललं की मला लिहावंसं वाटत नाही. आता परत आले ती एका अशा गोष्टीमुळे, जी मला कॉम्प्युटरवर लिहून ठेवायची नाही.

आधी सगळं क्रमाने. ऑगस्टपासून मी दादरच्या उद्बोधक ग्रंथसंग्रहाची जुनी कार्डसूची कॉम्प्युटरवर चढवते आहे. अकरा हजार चारशे कार्डं. बहुतेक आमच्या राजलक्ष्मीआत्यानेच टाइप केलेली. एकोणसत्तर ते शहाण्णव, सत्तावीस वर्षं ती तिथे होती. कार्डांचे फोटो एप्रिलमध्ये एका एजन्सीने काढले आणि खरी कार्डं वरच्या खोलीत कुलपात गेली. मी फोटो बघून नोंद टाइप करते. सोमवार, बुधवार, शुक्रवार दादरला जाऊन कपाटातली पुस्तकं पडताळते. बाकीचे दिवस इथे ठाकूरद्वारला, घरून.

तिथली कॉम्प्युटरची बाजू हितेंद्र बघतो. अडतीस वर्षांचा, घोडपदेवचा, सहा वर्षं कंत्राटावर. माझं विंडोज काढून लिनक्स त्यानेच घातलं आणि हे टायलिंगही त्यानेच शिकवलं. यात विंडो एकमेकींवर चढत नाहीत, फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना खेटून बसतात. माउस जवळजवळ लागत नाही. एक पडदा भरला की दुसरा, असे नऊ वर्कस्पेस. मी त्यांना खण म्हणते, कारण कार्डांच्या कपाटालाही खणच असतात. समोर असतो तो एकच खण दिसतो. बाकीचे भरलेले असले तरी आत.

शिवाय सेशनच्या आत सेशन. दादरच्या मशीनवर एक अख्खा डेस्कटॉप कायम चालू असतो. तो माझ्या नवव्या खणात एका विंडोमध्ये दिसतो, आणि त्या विंडोच्या आत पुन्हा त्याचे स्वतःचे चार खण. बाहेरचा खण बदलायला विंडोजच्या चिन्हाची की, आतला बदलायला ऑल्ट. सुरुवातीला मी रोज गोंधळायची. हितेंद्र म्हणायचा, "मॅडम, तुम्ही घरात आहात की घरातल्या घरात, ते आधी ठरवा."

दोन आठवडे खपून मी आतल्या पहिल्या खणाची मांडणी बसवली. वर कार्डाचा फोटो, खाली नोंद, सरकवायला काही लागू नये अशी. उंची थोडी कमी पडत होती म्हणून फोटोची खालची पट्टी कापून टाकली. तिथे खणातली कार्डं ओवायच्या सळईचं भोक आणि मोकळी जागा असते. मांडणी इतकी नेटकी झाली आहे की कधी कधी मी नुसतीच बघत बसते. हा गर्व आहे, हे माहीत आहे.

ऑक्टोबरअखेर माझं मशीन तीन दिवस दुरुस्तीला होतं, तेव्हा जुन्या छोट्या लॅपटॉपवर काम केलं. मशीन परत आल्यावर तो आत्याला दिला, पेपर वाचायला. एकोणऐंशीव्या वर्षी तिचा गोंधळ नको म्हणून खणांचे आकडे दाखवणारी पडद्यावरची पट्टी काढून टाकली. स्वच्छ पडदा आणि पेपर. तो बंद करू नकोस, सुरू व्हायला फार वेळ घेतो, असं बजावलं. टाइपरायटरवर घालावं तसं विणलेलं कापड ती त्याच्यावर घालते. माझ्या टेबलावर चिकटवलेली कीजची यादीसुद्धा तिने एका कोऱ्या कार्डावर उतरवून घेतली.

"अगं, त्यात नुसता पेपर आहे. या कशाला लागतात?"

"असू दे. यंत्र घरात आलं की आधी कळफलक पाठ करायचा."

आता मूळ गोष्ट. रोज सकाळी मी नोंदींच्या यादीची आदल्या दिवशीच्या प्रतीशी तुलना करते. काल सकाळी नऊ नोंदींच्या शेवटी एक खूण सापडली: = =. ती मी टाइप केलेली नाही. फाइल सेव्ह झाल्याची वेळ शुक्रवार, दुपारी तीन वाजून दहा. त्या वेळी मी दादरला कपाटांमध्ये उभी होते आणि वरच्या मजल्यावर हितेंद्र होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काल ती नऊ पुस्तकं कपाटात शोधली. एकही नाही. नऊपैकी नऊ.

रिकाम्या फटीसुद्धा नाहीत. शेजारची पुस्तकं सरकून बसलेली, फळीवरची धूळ सलग. नेणाऱ्याने जागा सारखी करून ठेवली असणार. आधी खूण, मग पुस्तक गायब? की आधी पुस्तक?

हितेंद्रकडे गेले. खुणांबद्दल बोलले नाही. फक्त विचारलं, आतल्या सेशनला कोण कोण जोडलेलं आहे ते दिसतं का.

त्याने बघितलं. "दोन कनेक्शन आहेत मॅडम. दोन्ही तुमच्याच घरून."

"माझं एकच आहे. आणि आत्ता तर मी इथे आहे."

"मग तुमचं मशीन चालू असेल, आणि दुसरं जुनं लटकलं असेल. काय लोच्या नाय, होतं असं. तोडू का?"

मी घाईने नको म्हटलं. तोडलं तर पुरावा जाईल. त्याने खांदे उडवले आणि चहा सांगितला.

दोन्ही तुमच्याच घरून! इतक्या सहज. ज्याच्या हातात मशीन आहे त्याला पत्ता हवा तसा दाखवता येत असेल का? मला एवढं कळत नाही. मला कळत नाही हे त्याला कळतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आणखी चौदा खुणा. काल दुपारी दोन ते चार.

आणि एक विचित्र प्रकार. सकाळी नववा खण उघडला तर आतला डेस्कटॉप आक्रसून कोपऱ्यात बसलेला, भोवती सगळं काळं. माप काढलं: १०२४ बाय ६००. दादरला या मापाचा एकही पडदा नाही, मी मोजून आले आहे. कोणीतरी लहानशा यंत्रावरून आत येतं आणि आतला डेस्कटॉप त्याच्या मापाचा होतो.

मीच करते आणि विसरते, असं तर नाही? शेहेचाळिसाव्या वर्षी हेही विचारायला हवं. काल दिवसभर जे जे केलं ते कागदावर वेळेसकट लिहिलं. खुणांच्या वेळी माझ्यासमोर 'इतिहास' विभागाचं तिसरं कपाट होतं. मी नाही.

जेवताना आत्या म्हणाली, "मधू, कार्डं खालपर्यंत बघतेस ना गं?"

"हो," म्हटलं. पट्टी कापल्याचं सांगितलं असतं तर दुखावली असती. कार्डाचा आकार तिला देवाच्या जागी आहे. पण ते 'हो' खोटं होतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

एकूण चौतीस. पहिली तेवीस शोधून झाली, तेवीसही गहाळ. आता गप्प राहणं मला शोभणार नाही. काल कार्यवाह विक्रांतरावांना भेटले.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग उठून दार लावलं. "मला वाटतच होतं. कंत्राटी माणसाच्या हातात आपण सगळ्या किल्ल्या दिल्या. मधुराताई, लेखी द्या. एकोणतीसला समिती आहे, त्याच सभेत त्याला कायम करायचा ठराव यायचाय. त्याच्या आधी माझ्या हातात पाहिजे."

"पण मी नाव घेतलेलं नाही."

"दुसरं कोण आहे? तुम्ही आणि तो. तुम्ही का कराल?" मग आवाज खाली आणून, "हे गोपनीय. घरीसुद्धा नाही. राजलक्ष्मीबाईंच्या कानावर गेलं की संध्याकाळी शिवाजी पार्कात कळेल."

मी शब्द दिला, आणि दिलेला शब्द मी पाळते. खरं तर आत्याला विचारायचं मनात होतं, पूर्वी पुस्तकं कशी जायची वगैरे. आता ते नाही.

जिना उतरताना हितेंद्र भेटला. "मॅडम, एकोणतीसला पेढे," म्हणाला. मी हसले. कशी हसले असेन?

बुधवार, १९ नोव्हेंबर

सापळा लावला. सकाळी आतल्या सेशनचा पासवर्ड बदलला आणि नवा फक्त हितेंद्रला सांगितला, तोंडी. आता तो दोघांनाच माहीत. आज खुणा झाल्या तर प्रश्न उरत नाही.

पासवर्ड ऐकून त्याने मान डोलावली, मग पिशवीतून डबा काढला. "आईने खाजं दिलंय. गावची जत्रा झाली ना. म्हणाली, तुझ्या मॅडम रोज चहा बिस्किटावर असतात, त्यांना दे."

त्याच्या आईला, जाईबाईंना, मी एकदाच भेटले आहे. मी खाजं घेतलं. न घेणं जास्त वाईट दिसलं असतं, असं मनाला सांगितलं.

मग तो आपण होऊनच बोलला. "मॅडम, उद्बोधकचं एक पुस्तक आमच्याकडे पण आहे. बाबांनी आणलेलं, मी जन्माला यायच्या आधी. माळ्यावर ट्रंकेत आहे. आई काढून देणार आहे, आणून देतो. कायम व्हायच्या आधी आपला हिशोब साफ."

आणि हसला.

त्याचे बाबा, गुणाजी, गिरणीत होते आणि आता नाहीत, एवढं मला माहीत होतं. पण पुस्तक घरी आहे हे तो मला आत्ताच का सांगतो? उद्या कोणी त्याच्या घरात पुस्तक बघितलं तर सांगायला म्हणून? संशय किती चपळ असतो. समोरचा माणूस बोलत असताना मी त्याचं वाक्य मनात टिपून ठेवत होते, तारखेसकट.

गुरुवार, २० नोव्हेंबर

एकवीस खुणा. काल दुपारी दोन चाळीस ते चार पाच. नव्या पासवर्डनंतर.

आनंद व्हायला हवा होता, सापळा लागला म्हणून. मी खुणा परत एकदा मोजल्या.

घरात मात्र बरं चाललं आहे. आत्याला गेल्या पंधरा दिवसांत तरतरी आली आहे. जेवून दुपारची लवंडत नाही. कालपासून केसांत फूल. काल मी दादरहून आले तेव्हा चष्मा पुसत बसली होती.

"काय गं, पेपर वाचून दमलीस?"

"दमायचं काय त्यात! सवय आहे मला. तूच दमलेली दिसतेस. ऑफिसातलं काही?"

"काही नाही."

"नसेल तर नसेल. भानोलं केलंय, कोलंबी ताजी मिळाली." मग वाढताना, "तुमच्या यंत्राचं एक बरं आहे हो. खाडाखोड दिसत नाही."

खाजं डब्यात तसंच आहे. आत्याने मात्र दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, ज्याने केलं त्याचा हात गोड आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज मी प्रत्यक्ष पाहिलं.

काल हितेंद्रला सांगितलं होतं की शनिवारी मी कार्डांना हात लावणार नाही, विश्रांती घेणार. आत्यालाही सकाळी तेच सांगितलं, नाहीतर ती हजार प्रश्न विचारते. अडीच वाजता पुढच्या खोलीत मशीनसमोर बसले, नववा खण उघडला आणि हात मांडीवर ठेवले.

दोन पन्नासला आतला पडदा आक्रसला. मग कर्सर हलू लागला. एकेक ओळ, सावकाश, थांबत थांबत. फोटो मोठा झाला, वर सरकला, काही क्षण तसाच राहिला. मग नोंदीच्या शेवटी = आणि जरा थांबून दुसरं =. मुद्दाम एका बोटाने टाइप करावं तसं. आपली ओळख लपवणारा माणूस असंच टाइप करेल.

माझ्या घरात, माझ्या टेबलावर दुसऱ्या कोणाचा तरी हात फिरत होता. उठून दाराची कडी बघून आले. आतल्या खोलीत आत्या शांत होती. तिला घाबरवायचं नाही म्हणून परत येऊन बसले.

न राहवून शेवटच्या नोंदीखाली टाइप केलं: कोण आहे?

कर्सर थांबला. एक मिनिट, दीड मिनिट. मग तो माझ्या ओळीवर आला, तिच्या शेवटापर्यंत गेला, आणि तिथे उमटलं:

कोण आहे? = =

मी मशीनचा पडदाच बंद केला. नऊ खुणा, नऊ पुस्तकं गायब. तशी खूण माझ्या प्रश्नाला. ही धमकी नसेल तर काय आहे?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अहवाल लिहिला. चार पानं आणि परिशिष्ट: खुणा झालेल्या एकशे दोन नोंदी, क्रमाने. जिथे ठाऊक नाही तिथे 'ठाऊक नाही' लिहिलं. पासवर्डची गोष्ट लिहिली. त्याच्या घरी पुस्तक असल्याचं लिहावं की नाही, यावर एक अख्खा तास गेला. तो स्वतः बोलला म्हणजे लपवत नव्हता. पण वगळलं तर मी निवड केली असं होईल. शेवटी लिहिलं, 'त्यांनी स्वतःहून सांगितले' हे शब्द घालून. ते शब्द घातल्याने मी न्यायी ठरते का?

एक प्रश्न अहवालात नाही, तो इथे. हितेंद्र घोडपदेवच्या चाळीतला नसता, आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीतला, आमच्यातला असता, तर मी पहिल्या दिवशीच त्याला सरळ विचारलं नसतं का, की अरे या खुणा कसल्या?

वाटतं, विचारलं असतं. तरी विचारलेलं नाही. आता गोपनीयतेचा शब्द आड येतो.

दुपारी बारा वाजता पाठवला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

थोडक्यात लिहिते.

समितीचे सात जण, विक्रांतराव आणि मी. हितेंद्रला आत बोलावलं. नवा शर्ट होता, घड्या मोडलेल्या नव्हत्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. त्याला वाटलं असणार की ठरावासाठी बोलावलं आहे. आल्या आल्या त्याने ते टेबलावर ठेवलं. "सर, हे बाबांकडे राहिलं होतं. आधी ते घ्या."

विक्रांतरावांनी कागद सोडवला. 'घरातील वीजजोडणी'. आतल्या चिठ्ठीवर परत करायची तारीख, डिसेंबर एक्याऐंशी. विक्रांतरावांनी चिठ्ठी पाहिलीच नाही. पुस्तक उचलून सगळ्यांना दाखवलं. "हे एक आलं. बाकीची एकशे एक कुठे आहेत?"

हितेंद्रला काही कळेना. मग खुणांचं सांगितलं. तो माझ्याकडे वळला. "त्या खुणा? त्या तुमच्या नाहीत? मला वाटलं मॅडम दुपारच्या परत तपासतात, म्हणून करतात. कनेक्शन तर त्यांच्याच घरून..."

"पुरे," विक्रांतराव म्हणाले.

सोमवारपासून येऊ नका, असं सांगितलं. तो भांडला नाही. पुस्तकाकडे बोट करून एवढंच बोलला, "सर, संपानंतर बाबांनी वायरिंगचीच कामं केली. ह्या एका पुस्तकावर आमचं घर चाललं. चोरी करायची असती तर हे आणून दिलं असतं का?" मग दाराशी थांबून, मला, "मॅडम, एकदा विचारायचं होतंत."

मंगळवार, २ डिसेंबर

काल दादरला गेले. काल खूण नाही. आजही नाही, तिथल्या काउंटरवरच्या मुलींना फोन करून फाइलची वेळ विचारली.

हितेंद्र गेला आणि खुणा थांबल्या. म्हणजे माझं बरोबर होतं. हे वाक्य तीनदा लिहून पाहिलं, बसत नाही.

घरचं इंटरनेट कालपासून बंद आहे. काँक्रीटसाठी रस्ता खणताना केबल तुटली म्हणे, उद्या दुपारपर्यंत येईल. आत्या चिडचिडी झाली आहे. पेपर दिसत नाही म्हणून असेल. छापील आणून दिला तर म्हणाली, "याचं मी काय करू?"

बुधवार, ३ डिसेंबर

आज दादरला गेले नाही, डोकं दुखत होतं. साडेतीनला इंटरनेट आलं. मी पलंगावर होते. पाच मिनिटांनी आत्या आतून आली, दोन्ही हातांत तो छोटा लॅपटॉप, पूजेचं तबक धरावं तसा.

"मधू, हे बघ. मधेच ही चौकट आली आहे. पासवर्ड मागते. तो सांग, म्हणजे माझं पुढे सुरू होईल. दोन दिवस फुकट गेले. अजून खूप कार्डं राहिलीत."

मी चौकटीकडे बघितलं. दादरच्या सेशनची चौकट. छोट्या पडद्यावर, एक हजार चोवीस बाय सहाशे.

"आत्या, हे तू कुठून उघडलंस?"

"उघडलं कुठे? उघडंच होतं. तुझ्या यादीत नऊ नंबर लिहिला होतास, तो दाबला. माझीच कार्डं समोर! म्हटलं मधूने मुद्दाम ठेवलंय, म्हातारीला काम म्हणून. तू बोलली नाहीस, मीही बोलले नाही. तू घरी काम करत असलीस की मी हात लावत नसे. एका यंत्रावर दोघींनी बसायचं नसतं."

ते तीन दिवस मी या लॅपटॉपवर काम केलं होतं. सेशन बंद न करताच पेपर पहिल्या खणात उघडून दिला. आकड्यांची पट्टी मीच काढून टाकली होती, त्यामुळे नववा खण आत उघडा आहे हे मला दिसलं नाही. पासवर्ड बदलला तो नव्याने येणाऱ्यांसाठी. जो आधीपासून आत बसला होता त्याला कोणी काही विचारलंच नाही. आणि परवा केबल तुटली तेव्हा तोही बाहेर पडला. खुणा थांबल्या त्या म्हणून.

"आणि खुणा?" मी विचारलं.

"तू टाकत नव्हतीस, म्हणून मी टाकल्या. खालपर्यंत बघतेस ना, विचारलं होतं तुला."

मशीनवर जाऊन पहिलाच फोटो पूर्ण उघडला, न कापलेला. सळईच्या भोकाच्या डाव्या बाजूला, टाइपरायटरच्या शाईत: = =. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर आहे.

"गिरण्यांच्या संपात माणसं गावाला गेली," आत्या मागे उभी राहून सांगत होती. "लालबाग, परळ, घोडपदेव, सगळीकडचे वाचक होते आपले. पुस्तकं त्यांच्या पिशव्यांतून गेली. तेव्हाचे कार्यवाह म्हणाले, कार्डं काढून टाका. मी म्हटलं, नाही. दोन खुणा मारू. एक माणूस यायचाय, एक पुस्तक यायचंय. आलं की खूण खोडायची. सात-आठ खोडल्यासुद्धा मी. बाकीच्या राहिल्या." मग थोडं रागावून, "ते 'कोण आहे?' नावाचं पुस्तक मात्र आपल्याकडे कधीच नव्हतं हो. मी आपली खूण करून ठेवली. कुठून घेतलंस ते?"

'घरातील वीजजोडणी'चं कार्ड शोधलं. खूण आहे. माझ्या परिशिष्टात ती नोंद सत्तावन्नावी.

मग आत्याला सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसली. बराच वेळ कापडाची घडी घालत होती.

"मला विचारायचंस ना."

"गोपनीय होतं, आत्या."

"कुणापासून?"

गुरुवार, ४ डिसेंबर

विक्रांतरावांना सकाळी फोन केला. म्हणाले, "झालं ते झालं. ठराव लिहिला गेला. आता उकरून काढलंत तर तुमचीच शोभा होईल. त्या मुलाला दुसरीकडे लागेल काम, हुशार आहे."

हुशार आहे!

अहवाल मागे घेत असल्याचं पत्र सातही जणांना आणि विक्रांतरावांना पाठवलं. एकच पान. चूक कोणाची हे पहिल्या वाक्यात, न कापलेले एकशे दोन फोटो सोबत. आत्याचं नाव घातलं, तिनेच घालायला लावलं. विशेष सभा बोलावण्याची मागणी केली. दोघांची उत्तरं आली, एक चांगलं, एक सावध. त्याला परत घेतील का, माहीत नाही. ते माझ्या पत्राने ठरणार नाही, आणि नेमकं माझ्या पत्रानेच तो गेला.

छोट्या लॅपटॉपवर आकड्यांची पट्टी परत लावली. एक आणि नऊ, दोन्ही दिसतात. फोटोही आता पूर्ण दिसतो. मांडणी बिघडली, खाली-वर सरकवावं लागतं. आत्याला नवा पासवर्ड कार्डावर लिहून दिला.

दुपारी तिने एकच खूण खोडली: 'घरातील वीजजोडणी'. मी शेजारी बसून बघत होते. पहिलं = गेलं. दुसऱ्यावर कर्सर थांबला.

"पुस्तक आलं," ती म्हणाली. "हे राहू दे अजून."

तिला माझ्याबरोबर हितेंद्रकडे यायचं आहे. टॅक्सी करू म्हणते. मी सांगेन त्याला, म्हणे, की मी केलं, पोरीची चूक नाही. मी नको म्हटलं. खुणा तिने केल्या, त्या बरोबर होत्या. न विचारणं माझं होतं.

जाईबाईंचा डबा घासून ठेवला आहे. आत काय घालून परत द्यावं ते सुचेना. रिकामा डबा परत करू नये म्हणतात, पण उद्या भरलेला डबा घेऊन त्या दारात उभं राहायची मला लाज वाटते.

उद्या: घोडपदेवला हितेंद्रकडे जाणे. आधी फोन न करता, आत्याच्या मागे न लपता.